एका संसाराच्या दोन खातेवह्या

दिवाळीच्या आधी स्मरणिकेच्या संपादक मंडळातली मुले घरी आली आणि म्हणाली, "काकाजी, तुम्ही संस्थेचे पहिले कोषाध्यक्ष. पंचवीस वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहायचा." मी होकार दिला. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला जुन्या वह्या चाळायचा कंटाळा नसतो. दुसऱ्याच दिवशी सचिवांकडून सभासद नोंदवही, म्हणजे आपले 'आय' नमुन्याचे रजिस्टर, मागवून घेतले.

पहिले पान उघडले आणि तो काळ डोळ्यासमोर आला. कापसाचे शेत, त्यावर चुन्याने आखलेला ले-आऊट, एन.ए.साठी यवतमाळच्या चकरा, पहिल्या बोअरला लागलेले पाणी. मग नावे वाचत गेलो. आपल्या संस्थेत निम्म्याहून जास्त घरे मास्तरांची. त्यांतही बऱ्याच घरी दोघेही शिक्षक: ते हायस्कूलला तर त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, किंवा उलट. पण नोंदवहीत सगळी नावे पुरुषांची. बाईमाणसाचे नाव एकच आहे, आणि तेही त्यांचे यजमान संस्था स्थापन व्हायच्या आधीच वारले होते म्हणून.

ही सगळी नावे माझ्याच अक्षरात आहेत. आणि घरे कशी उभी राहिली हे मला बँकवाला म्हणून पक्के ठाऊक आहे. एका पगारावर कर्ज बसत नव्हते. दोघांची पगारपत्रके जोडली तेव्हाच हप्ता बसला. कुणाच्या बायकोने भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली, कुणी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढले, कुणी पाटल्या मोडल्या. पैसे दोघांचे, वही एकाची.

इतिहास लिहायचा तर इथून सुरुवात करावी लागली असती, आणि ते मला जड गेले. म्हणून वाचकहो, आधी दुसऱ्या एका जोडप्याचा इतिहास सांगतो. त्या दोघांचे सगळे आयुष्य शिक्षणात गेले आणि उतारवयात दोघांनीही मागे वळून पाहिले. विशेष म्हणजे दोघांनी वेगवेगळी पुस्तके लिहिली. ते जोडपे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. त्यांचे झाले की आपल्या नोंदवहीकडे येतो.

अण्णांची वही

कर्व्यांना सगळे अण्णा म्हणत. जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळी. वाढले दापोलीजवळच्या मुरुडला. घरची गरिबी. १८७५ साली एका सरकारी परीक्षेला बसायला हा मुलगा भर पावसात डोंगर तुडवत, शंभराहून जास्त मैल चालून साताऱ्याला गेला. तिथल्या परीक्षकांनी पाहिले आणि म्हणाले, तू लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. तसाच परत. आपल्या तालुक्यातही पोडावरून, तांड्यावरून चालत शाळेत येणारी मुले आपण पाहिली आहेत, तेव्हा या गोष्टीचे वजन आपल्याला वेगळे समजवायला नको.

मॅट्रिक व्हायला त्यांना तेविसावे वर्ष लागले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले. मुंबईत शिकवण्या आणि शाळांतल्या नोकऱ्या केल्या. १८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या, मागे एक मुलगा रघुनाथ. हेच पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले.

नोकरी ही एक गोष्ट झाली. तिच्या जोडीने त्यांनी जे उभे केले त्याची यादीच करावी लागते. १८९६ च्या जूनमध्ये विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. पुढे पुण्यात प्लेगने हाहाकार केला. मुलींची पहिली शाळा जोतिरावांबरोबर १८४८ साली चालवणाऱ्या सावित्रीबाई फुले याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. प्लेगमुळे आश्रम शहराबाहेर न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले. तिथे १९०० साली एक झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटले की अण्णा चिखलातून चालत हिंगण्याला जायचे, तिथल्या मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजला हजर.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून अण्णांनी स्त्रियांच्या वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, तिच्यावरून ती सुचली. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. हे परांजपे अण्णांचे नात्यातले, अण्णांच्याच आधाराने शिकलेले. शिकवण्याचे माध्यम मातृभाषा. आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली किती? पाच. आज वीसपेक्षा कमी पटाच्या शाळेचे काय करायचे यावर एवढी चर्चा चालते, तेव्हा मला हा पाचाचा पट हमखास आठवतो.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव लागले. आपण एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. साडेतीन टक्क्यांनी पंधरा लाखांचे वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये होते, आणि विद्यापीठाचा संसार पुढे बराच काळ या व्याजावर चालला. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडले.

साठीनंतर माणसाने स्वस्थ बसावे असे आपण म्हणतो. अण्णा एकाहत्तराव्या वर्षी विद्यापीठासाठी जगाच्या फेरीला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. परत येऊन त्याच वर्षी आफ्रिकेला गेले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे शाळा काढायची, आणि त्यासाठी दारोदार फिरून वर्गणी मागायची. खेड्यातली शाळा ही सरकारची जबाबदारी आहे असे आज आपण गृहीत धरतो. जिल्हा परिषदा तर १ मे १९६२ ला आल्या. त्याच्या पाव शतक आधी हा म्हातारा पुण्याच्या गल्ल्यांतून खेड्यातल्या पोरांसाठी पैसे गोळा करत होता.

हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मराठीत 'आत्मवृत्त' १९१५ साली निघाले आणि इंग्रजीत 'लुकिंग बॅक' १९३६ साली. अर्थ सरळ आहे, मागे वळून पाहताना. मी ही पुस्तके वाचली तेव्हा मला ती चोख वाटली. कुठे बडेजाव नाही, स्वतःच्या चुकाही सांगितल्या आहेत. एखाद्या प्रामाणिक खजिनदाराने पै-पैचा हिशेब द्यावा तसे लिखाण.

बायांची वही

आता दुसरी वही. तिचे नाव 'माझे पुराण'. ती १९४४ साली निघाली. सून कावेरीबाई कर्वे यांनी ती संपादित केली. आपल्या म्हणण्याला 'पुराण' म्हणणारी बाई कशी असेल ते नावातच कळते. आपल्याकडे बाई जरा जास्त बोलली की आपण म्हणतोच, काय पुराण लावलं! बायांनी तोच शब्द उचलून पुस्तकाच्या कपाळावर लावला.

बायांचे माहेरचे नाव गोदावरी जोशी, गाव देवरुख. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. त्यानंतरची जवळजवळ पंधरा-सोळा वर्षे सासरच्या घरात कष्टात गेली. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत अण्णांच्या बिऱ्हाडातले सोबती. त्यांनी बहिणीला शिकवायचे ठरवले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी या गोदूबाई होत्या. विशी उलटून गेलेली बाई पाटी-पेन्सिल घेऊन बसली. आणि बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, पुण्यात त्यांचा अण्णांशी पुनर्विवाह झाला. विधुराने विधवेशीच लग्न करावे हे अण्णांचे आधीपासूनचे मत होते, ते त्यांनी स्वतः करून दाखवले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मुरुडने बहिष्कार टाकला. अण्णांच्या आईला, भावालाही त्याची झळ बसली. हे दोन्ही वह्यांत आहे. पण पुढचा मजकूर दोन्हीकडे सारखा लागत नाही, आणि मला त्यातच खरा इतिहास दिसतो.

एक उदाहरण घ्या. अण्णांनी आश्रम काढला तेव्हा आपली शिल्लक तर दिलीच, शिवाय स्वतःच्या आयुष्याची पाच हजारांची विमा पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. त्यागाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. मी मात्र बँकेतला माणूस, मी आकडे मांडले. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाचा पगार त्या काळी महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपास. म्हणजे पाच हजार हा साडेपाच वर्षांचा पूर्ण पगार झाला. आणि विमा कशासाठी असतो? कमावता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांच्या पोटासाठी. बायांना हे वेगळ्या शब्दांत सांगायची गरज नव्हती. त्या आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. नवरा गेल्यावर बाईच्या हातात काय उरते हे त्यांनी अंगावर काढले होते. घरात लहान मुले. त्यांनी विरोध केला, भांडल्या. अण्णांनी पॉलिसी देऊनच टाकली.

आता यात चूक कोण? मी बरेच दिवस विचार केला. विधवांच्या पोटापाण्यासाठी आश्रम निघाला, आणि त्याच्यासाठी एका पूर्वाश्रमीच्या विधवेचा आधार काढून घेतला गेला. अण्णांच्या वहीत ही रक्कम दान म्हणून लागते. पण दुहेरी नोंद पद्धतीत कोणतीही रक्कम एका बाजूला जमा झाली की दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे पडते. ही बायांच्या नावे पडली, आणि त्यांनी ती आपल्या वहीत लिहून ठेवली. त्यांनी लिहिली नसती तर ताळेबंद जुळल्यासारखा दिसला असता.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. आश्रमाला लोकांनी पैसे द्यावेत, मुली पाठवाव्यात, म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामे वेगळी ठेवली. इथे मुली फक्त शिकायला येतात, त्यांची लग्ने लावायला नाही, अशी लोकांची खात्री पटायला हवी होती. धोरण म्हणून ते बरोबरच होते, नाहीतर आश्रम टिकला नसता. पण मग स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांनी कुठे उभे राहायचे? नवऱ्याने विधवांसाठी बांधलेल्या घरापासून त्यांनाच अंतर राखावे लागले. त्यांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले या विधवाच राहिल्या. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, काम करू लागल्या, आश्रमासाठी पैसा गोळा करायला अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या आणि 'माझी कहाणी' लिहिली. सख्ख्या बहिणी, पण एकीला दार उघडे आणि एकीला ओसरीवर.

बाया रडत बसल्या नाहीत. आपल्या विदर्भाचा इथे एक धागा आहे. स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून त्या नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकल्या. संसार सोडून, परक्या मुलखात, प्रौढ वयात. घरखर्च भागवायला घरात माणसे जेवायला-राहायला ठेवली. चार मुलांचे केले: सावत्र रघुनाथ आणि आपले शंकर, दिनकर, भास्कर. आणि ज्या आश्रमाने त्यांना लांब ठेवले त्याच आश्रमासाठी लोकांच्या दारी जाऊन वर्गणीही मागितली. शंकरराव डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागले. दिनकररावांच्या पत्नी म्हणजे 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे.

वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' नाटक पुष्कळांनी पाहिले असेल. या दोघांच्या आयुष्यावरूनच ते सुचलेले. डॉ. लागू नानासाहेब आणि शांता जोग बयो. मी तरुणपणी नागपूरला पाहिले होते. तेव्हा मला नानासाहेबच मोठे वाटले आणि बयो जरा भांडकुदळ. हल्ली 'माझे पुराण' वाचताना लक्षात आले की तेव्हा मी हिशेब अर्धाच तपासला होता.

बाया १९५० साली गेल्या. अण्णांना पद्मविभूषण मिळाले १९५५ साली. १९५८ साली वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली, भारतरत्न मिळाले, टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले. म्हणजे ज्या समारंभांत यजमानांबरोबर पत्नीलाही स्टेजवर बसवतात, त्यांतले सगळ्यात मोठे समारंभ बायांच्या पश्चात झाले.

मी अण्णांना कमी लेखतो आहे असे कुणी समजू नये. सातारच्या वाटेवर पावसात चालणाऱ्या त्या पोरापुढे मी आजही हात जोडतो. म्हणणे एवढेच की शिक्षणाच्या कामात आपल्या देशात जोडपी खूप होऊन गेली. पुण्याला जोतिराव-सावित्रीबाई. आपल्याकडून वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम, तिथे गांधीजींच्या नई तालीमसाठी आर्यनायकम आणि आशादेवी या दोघांनी आयुष्य वेचले. एक सिलोनचा तमिळ, एक बंगाली, आणि काम वऱ्हाडाच्या शेजारी. पण दोघांनी आपापला हिशेब वेगळा लिहिला आणि दोन्ही वह्या आज शेजारी ठेवून ताडून पाहता येतात, असे अण्णा-बायांसारखे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

आपली वही

आता कबूल केल्याप्रमाणे आपल्या नोंदवहीकडे येतो, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करतो.

आमची सौ. जिल्हा परिषदेत शिक्षिका होती हे सर्वांना माहीत आहे. ती निवृत्त झाली तेव्हा घरी छोटा कार्यक्रम केला. मी भाषण केले. माझ्या शाखा, माझ्या बदल्या, कर्जवसुलीच्या गमती, सगळे सांगितले आणि शेवटी "हिची साथ होती" असे एक वाक्य जोडले. टाळ्या पडल्या. ती काही बोलली नाही.

बायांचे पुस्तक वाचल्यावर मी एका संध्याकाळी तिला विचारले, "तुझ्या नोकरीत तुला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं?" मला वाटले, ती पावसाळ्यातल्या नाल्याबद्दल बोलेल, किंवा जनगणनेच्या ड्युट्यांबद्दल. ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मुख्याध्यापकाची ऑर्डर आली होती, ते आठवते का तुमाले?"

आठवले. पदोन्नतीने गाव लांबचे मिळत होते. माझी तेव्हा नुकतीच बदली झालेली, मुलगा बारावीला, आई अंथरुणावर. पदोन्नती नको असल्याचा अर्ज द्यायचा ठरला. मी म्हणालो, "आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं ना."

ती म्हणाली, "अर्जाचा मसुदा तुमचा, अक्षर तुमचं. मी फक्त सही केली."

बँकेत मी हजारो माणसांना सांगितले असेल की वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या घरी मी लिहिलेल्या कागदावर सही झाली आणि मी तिला संमती समजत आलो. यात अण्णांसारखा त्याग नाही, समाजकार्य नाही, काहीच नाही. नुसती सोय होती, आणि तीही माझी.

म्हणून आपल्या नोंदवहीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. घराचा हप्ता ज्यांच्या पगारातून कटला त्या कितीतरी शिक्षिका आपल्या संस्थेत पंचवीस वर्षे राहतात, पण संस्थेच्या लेखी त्या कुणाच्या तरी सौ. आहेत. कायद्याने काही अडत नव्हते. भाग-दाखल्यावर दोघांची नावे घालून दुसऱ्या नावाला सहयोगी सभासद करण्याची सोय सहकार कायद्यात तेव्हाही होती. अर्जाचा तो नमुना माझ्याच कपाटात होता. मी कुणाला दिला नाही, कुणी मागितलाही नाही.

आणि हे कुठे घडले? राळेगावात. इथून जवळच रावेरी आहे. तिथले सीतेचे मंदिर आपण सगळे पाहून आलो आहोत. रामाशिवाय एकट्या सीतेचे मंदिर, लव-कुशांना घेऊन ती इथे राहिली अशी कथा, आणि मूठभर गहू दिले नाहीत म्हणून तिने गावाला शाप दिला असे म्हातारी माणसे सांगतात. त्या मंदिराचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी केला. याच शरद जोशींनी १९८९ च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला होता. शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात असे शंभर शेतकरी निघतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. हजारो शेतकऱ्यांनी सातबारावर बायकोचे नाव चढवले. त्यांतले कित्येक जण शाळेत फार शिकलेले नव्हते. आपण सगळे पदवीधर, डी.एड., बी.एड., सी.ए.आय.आय.बी., आणि आपल्या वहीत एकच बाई, तीही नवरा नाही म्हणून.

रौप्यमहोत्सवी सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. ज्या घरी दोघांच्या कमाईतून घर झाले तिथे पत्नीचे नाव भाग-दाखल्यावर लागावे. सचिवांकडे अर्जाचे नमुने मी देऊन ठेवले आहेत, माझा अर्ज सगळ्यात वरचा आहे. तो तिने स्वतः लिहिला आहे, तिच्या अक्षरात. कुणाला हा माझा म्हातारपणचा नाद वाटला तर वाटो.

संपादक मंडळाला दुसरी विनंती आहे. या स्मरणिकेत निवृत्त गुरुजींच्या आठवणी पुष्कळ येतील, आणि त्या यायलाच हव्यात. पण ज्या घरी बाईही शिकवत होत्या तिथे त्यांनाही वेगळे पान द्या. त्यांच्या यजमानांना विचारून भरू नका. त्यांनाच विचारा. त्यांनी त्याला पुराण म्हटले तरी छापा.

हा लेख छपाईला द्यायच्या आधी सौ.ला वाचायला दिला. बँकेत असताना कागद तपासणीला पाठवायचो तसा. तिने चष्मा लावून सगळा वाचला, एका जागी पेन्सिलीने खूण केली आणि परत दिला. मूळ लिखाणात मी लिहिले होते की तिने नोकरीत पाच शाळा केल्या.

"पाच नाही," ती म्हणाली. "सात."

मी म्हणालो, "सात कशा? मला पाचच माहीत आहेत."

"तुम्ही बदलीवर होते तेव्हाच्या दोन," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.